पूलमधला पाण्याखालचा दिवा बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूलमधला दिवा बंद पडला की लोक आधी नवा बल्ब मागवतात आणि मग बाकीचं बघतात. खरं तर क्रम उलटा हवा. पाण्याखालच्या दिव्यात बल्ब हा सगळ्यात साधा भाग. बहुतेक वेळा भांडण असतं ते केबलचं, रबरी गॅस्केटचं (काचेभोवती पाणी अडवणाऱ्या पट्टीचं) नाहीतर ट्रान्सफॉर्मरचं. म्हणून खालची बरीचशी उत्तरं बल्बपेक्षा त्यांच्याबद्दलच आहेत.

दिवा लागत नाही. बल्ब गेला असं धरून चालायचं का?

लगेच नको. आधी बोर्डावर जाऊन एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळायला लागली की ती तोडणारा स्विच) पडले आहेत का ते बघा. टायमर असेल तर तोही तपासा. टायमरचं घड्याळ पुढेमागे झालेलं असणं हे हास्यास्पद वाटलं तरी नेहमीचं कारण आहे. एकाच ट्रान्सफॉर्मरवर दोन दिवे असतील आणि एकच बंद असेल, तर दोष त्या दिव्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. दोन्ही बंद असतील तर ट्रान्सफॉर्मर किंवा त्याचा फ्यूज बघायचा.

मग दिवसाउजेडी काठावर ओणवं होऊन काचेकडे नीट बघा. काचेच्या आत पाण्याची रेघ दिसते का, तपकिरी डाग आहेत का? असतील तर नुसता बल्ब बदलून भागणार नाही. दिवा लागतो पण मंद लागतो, तेव्हा बल्ब बहुधा ठीक असतो आणि कुठेतरी जोड गंजलेला असतो.

मेन्स व्होल्टेजवर, म्हणजे थेट घरच्या वीजपुरवठ्यावर चालणारा दिवा लावताक्षणी आरसीसीबी पडत असेल तर फिटिंगमध्ये किंवा केबलमध्ये पाणी शिरलं आहे. पाच-दहा मिनिटांनी पडत असेल तरी संशय तोच; फिटिंग तापल्यावर आतला ओलावा पसरतो. आरसीसीबी पुन्हा पुन्हा वर करून "बघू या टिकतो का" असला प्रयोग करू नका. तो पडतोय म्हणजे त्याचं काम चोख करतोय.

माझा दिवा १२ व्होल्टचा आहे की मेन्सवरचा, हे कसं ओळखायचं?

याचं उत्तर मिळेपर्यंत पाण्यात हात घालायचा नाही.

फिटिंगच्या मागे लेबल असतं, पण ते पाण्याखाली. म्हणून आधी बोर्डापासून दिव्यापर्यंतचा मार्ग शोधा. मध्ये कुठे ट्रान्सफॉर्मरचा डबा लागला आणि त्यावर आउटपुट १२ व्होल्ट एसी लिहिलेलं असलं, तर दिवा बहुधा कमी व्होल्टेजचा. "बहुधा" अशासाठी, की जुन्या पूलमध्ये एक दिवा ट्रान्सफॉर्मरवर आणि दुसरा थेट मेन्सवर असाही प्रकार सापडतो. ट्रान्सफॉर्मर कुठेच नसेल तर दिवा १२० किंवा २३० व्होल्टवर चालतोय असंच समजा. काचेच्या आकारावरून किंवा फिटिंगच्या तोंडवळ्यावरून अंदाज बांधू नका; दोन्ही प्रकार बाहेरून जुळे दिसू शकतात.

खात्री करायची जागा म्हणजे काठाजवळचा जंक्शन बॉक्स (दिव्याची केबल जिथे जोडलेली असते तो डबा), आणि साधन म्हणजे मल्टीमीटर किंवा दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर. स्क्रू-ड्रायव्हरसारखा निऑनचा टेस्टर इथे भरवशाचा नाही. बोर्ड किंवा बॉक्स उघडून मोजायची सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडे द्या. दिवा मेन्सवरचा निघाला तर पुढचं सगळंच त्याच्याकडे द्या. यात मला मधला मार्ग दिसत नाही.

१२ व्होल्ट म्हणजे धोका नाहीच ना?

व्यवस्था नीट असेल तर धोका फार कमी. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा ७०२ क्रमांकाचा भाग पोहण्याच्या तलावांसाठीच आहे. पाण्याच्या आतल्या उपकरणांसाठी १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी ही त्यातली कमाल मर्यादा. पण नुसता आकडा १२ असून पुरत नाही. तो सुरक्षा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरमधून आलेला हवा, म्हणजे मेन्सची गुंडाळी आणि दिव्याची गुंडाळी यांचा एकमेकींशी विजेचा संबंध नको. कुठल्या तरी जुन्या यंत्राचा अडॅप्टर, बॅटरीचा चार्जर किंवा ऑटोट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंना एकच गुंडाळी असलेला) इथे चालत नाही, मग मीटरवर १२ दिसले तरी.

ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला मेन्स असतेच, हेही विसरू नका. तो काठापासून लांब आणि कोरड्या जागी हवा. त्याच मानकात काठापासून २ मीटरचा पट्टा सगळ्यात कडक नियमांचा आहे आणि त्यापुढचा दीड मीटर थोडा सौम्य. दोन्ही सोडून पलीकडे ट्रान्सफॉर्मर बसवता आला तर उत्तम.

आरसीसीबी आहे. मग दिव्यात पाणी शिरलं तर तो पडेलच ना?

दिवा मेन्सवरचा असेल तर पडायला हवा. आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे १२ व्होल्टवर असेल तर बहुधा पडणार नाही. तिथला दोष मेन्सच्या बाजूच्या आरसीसीबीला दिसतच नाही. म्हणून कमी व्होल्टेजच्या दिव्यात पाणी शिरलं की लक्षणं वेगळी असतात: फ्यूज उडणं, ट्रान्सफॉर्मर गरम होणं, उजेड कमी होत जाणं. तरीही ट्रान्सफॉर्मरच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. उत्तर अमेरिकी पद्धतीत त्याजागी जीएफसीआय असतो आणि तो साधारण ५ मिलिअँपिअरला पडतो. दोन्हींवर टेस्टचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबत जा.

दिवा बदलायला पूल रिकामा करावा लागतो का?

नाही. भिंतीत बसवलेल्या नेहमीच्या दिव्यामागे एक खोलगट डबा असतो आणि त्यात केबलचं वेटोळं ठेवलेलं असतं. त्याची लांबी मुद्दाम इतकी ठेवतात, की फिटिंग बाहेर काढून थेट काठावर कोरड्यात आणता यावं. पाणी जागेवरच राहू द्या.

उलट रिकामा करणंच महागात पडू शकतं. जमिनीखालचं पाणी वर असेल तर रिकाम्या पूलचं कवच खालून उचललं जातं, विशेषतः फायबरग्लासचं. एका दिव्यापायी तो धोका कशाला?

काम कोणत्या क्रमाने करायचं?

हे १२ व्होल्टच्या आणि बल्ब निघणाऱ्या फिटिंगबद्दल. मुख्य बोर्डावरून पुरवठा बंद करा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून चालणार नाही. एमसीबीला कुलूप किंवा चिकटपट्टी लावा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पाण्यात कुणी नसावं. मग जंक्शन बॉक्सपाशी मीटर लावून वीज खरंच गेली आहे ना ते बघा. ही पायरी गाळायचा मोह होतो, कारण लेबलं लावलेला बोर्ड खरा वाटतो. प्रत्यक्षात बोर्डावरची लेबलं चुकीची असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

फिटिंगच्या कड्याला बहुतेक वेळा वरच्या बाजूला, घड्याळात बारा असतात तिथे, एकच स्क्रू असतो. खालची बाजू नुसती खाचेत अडकवलेली असते. स्क्रू सैल करा, वरची कड स्वतःकडे ओढा आणि फिटिंग किंचित वर उचला म्हणजे खालची पकड सुटेल. केबल हलक्या हाताने सोडत फिटिंग काठावर आणा आणि खाली जाड टॉवेल अंथरून काच वर करून ठेवा. आधी पूर्ण कोरडं करा, मगच उघडा. घाईत उघडलं की कड्यावरचं पाणी थेट होल्डरमध्ये ओघळतं.

काच धरणारं कडं सोडण्याआधी कडं आणि बॉडी यांवर मार्करने एकाच रेषेत खूण करा. जोडताना कोणता भाग कुठे, हा प्रश्न उरत नाही. बल्ब बदला, हॅलोजन असेल तर काचेला उघडं बोट लावू नका, त्या डागाशी बल्ब जास्त तापतो. गॅस्केट बसण्याची खाच कापडाने पुसून बोट फिरवून बघा. क्षाराचा एखादा खडा राहिला तरी तिथून पाणी झिरपतं. नवं गॅस्केट बसवा आणि कड्याचे स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे करत आवळा. एका बाजूने ओळीने आवळत गेलात तर गॅस्केट दुसऱ्या बाजूला फुगतं.

आता वीज न देता फिटिंग पाण्यात बुडवून दहा मिनिटं बघा. सुरुवातीला बाहेर चिकटलेले बुडबुडे सुटतात, त्यांची काळजी नको. एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ सुरू राहिली तर पुन्हा उघडायचं. काही आलं नाही तर केबलचं वेटोळं डब्यात नीट ठेवा, फिटिंग तिरकं धरून मागची हवा बाहेर जाऊ द्या, खालची पकड खाचेत घाला आणि वरचा स्क्रू लावा. केबल कड्याखाली चेमटली नाही ना, हे बोट फिरवून पाहा.

काठावरच दिवा एकदा लावून बघितला तर?

हॅलोजन किंवा जुना तारेचा बल्ब असेल तर एखाद-दोन सेकंदांपलीकडे नाही. हे दिवे भोवतालच्या पाण्याने थंड राहतात. ३०० वॉटचा बल्ब कोरड्यात लावून ठेवला तर काच तडकते, गॅस्केट भाजतं. बऱ्याच एलईडी फिटिंगवरही कोरड्यात लावू नका असं छापलेलं असतं.

गॅस्केट चांगलं दिसतंय. तेच परत वापरू का?

नको. दाबलं गेलेलं रबर त्याच आकारात बसलेलं असतं. उघडून पुन्हा बसवलं की ते पूर्वीच्याच रेषेवर कधीच येत नाही.

शिवाय ही चूक पहिल्या दिवशी दिसत नाही, म्हणून ती जास्त फसवी. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि थोडी बाहेर निसटते. बंद केला की थंड पाण्यामुळे आतली हवा आकसते आणि कमी दाबामुळे बाहेरचं पाणी फटीतून आत ओढलं जातं. दर वेळी चार थेंब. पंधरवड्याने काचेत पाणी दिसतं आणि दोष मात्र नव्या बल्बला दिला जातो. गॅस्केट त्याच मॉडेलचं घ्या. ग्रीस लावायचंच असेल तर सिलिकॉनचं, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकंच. पेट्रोलियम जेली काही प्रकारची रबरं फुगवते.

स्क्रू निघतच नाही. काय करू?

आधी स्क्रूच्या खाचेतला क्षार टोकदार वस्तूने उकरून काढा. बरोबर मापाचा स्क्रू-ड्रायव्हर पूर्ण रुतवून आधी किंचित आवळायच्या दिशेने आणि मग सोडायच्या दिशेने फिरवा. तो पहिला उलटा झटका बऱ्याचदा काम करून जातो. वायरवाली ड्रिल मशीन काठावर आणू नका, हे वेगळं सांगायला नको. स्क्रूचं डोकं झिजलंच तर हाताने चालणारा स्क्रू-एक्स्ट्रॅक्टर (अडकलेला स्क्रू काढायचं हत्यार) वापरा किंवा काम जाणकार माणसावर सोपवा. डब्यातले आटे गेले असतील तर फिटिंग पाचरीने धरून ठेवणारे तयार तुकडे मिळतात. एपॉक्सी थापून दिवा कायमचा चिकटवू नका, पुढच्या वेळी तुम्हालाच तो फोडावा लागेल. नवा स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या. ३०४ क्लोरीनच्या पाण्यात लवकर डागाळतो, मिठाच्या पाण्याच्या पूलमध्ये तर आणखी लवकर.

फिटिंगमध्ये पाणी गेलं होतं. वाळवून परत बसवता येईल?

फिटिंग रेझिन भरलेलं एलईडीचं असेल तर नाही. ते उघडण्यासाठी बनवलेलंच नसतं, अख्खं बदलायचं.

उघडणारं फिटिंग असेल तर निर्णय केबल बघून घ्या. पाणी केबलच्या आवरणाच्या आतून, तांब्याच्या बारीक तारांच्या मधल्या फटींतून पुढे सरकत जातं. केबलचं टोक थोडं सोलून बघा. तांबं चकचकीत लालसर असेल तर ठीक. काळं पडलं असेल किंवा हिरवी पूड दिसत असेल तर आणखी थोडं कापून बघा. तिथेही तेच दिसलं तर केबल गेली आणि तिच्यासकट फिटिंग बदला. इलेक्ट्रिशियन अशा वेळी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) लावून इन्सुलेशन मोजतो: १२ व्होल्टच्या सर्किटला २५० व्होल्टवर किमान अर्धा मेगाओम, मेन्सच्या सर्किटला ५०० व्होल्टवर किमान १ मेगाओम. मोजताना एलईडी आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही सोडवून ठेवायचे, नाहीतर त्या तपासणीतच एलईडी जाईल.

नव्या दिव्याची केबल आखूड आहे. डब्यातच जोड मारला तर?

नाही. चिकटपट्टी, उष्णतेने आवळणारी नळी, वरून सिलिकॉन, काहीही केलं तरी साधा जोड पाण्याखाली टिकत नाही. फिटिंगपासून जंक्शन बॉक्सपर्यंत केबल अखंड हवी. म्हणून विकत घेण्याआधी अंतर मोजा: बॉक्सपासून डब्यापर्यंतचा पाइप, अधिक काठावर आणण्यापुरतं वेटोळं, अधिक बॉक्समधली जोडणी. शंका असेल तर लांबची केबल घ्या. जास्तीची कापता येते.

नवी केबल ओढायला जुनीच दोरीसारखी वापरतात. बॉक्समधलं टोक सोडवून त्याला मजबूत नायलॉनची दोरी बांधायची आणि दिव्याच्या बाजूने जुनी केबल ओढायची. दोरी पाइपमध्ये येते. मग तिला नवी केबल बांधून बॉक्सच्या बाजूने परत ओढायची. बांधलेली जागा गाठीमुळे जाड होऊ देऊ नका. तारा सोलून, एकात एक वळवून वर घट्ट पट्टी गुंडाळली की ती बाकदार कोपऱ्यातूनही सरकते. हे दोघांचं काम आहे, एकाने ढकलायचं आणि दुसऱ्याने ओढायचं. केबल जागची हलतच नसेल तर जोर करू नका. पाइप दबलेला असू शकतो, आणि मग काठ फोडायचा की दुसरीकडून पाइप टाकायचा, हा वेगळाच हिशोब.

हॅलोजन काढून एलईडी बसवावा का?

माझं मत विचाराल तर हो, आणि कारण फक्त विजेचं बिल नाही. ३०० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर २५ अँपिअर खातो. ट्रान्सफॉर्मर २० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर तार होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये एवढ्या प्रवाहाने साधारण ७ व्होल्ट वाटेतच गळतात, दिव्याला पाचच उरतात. म्हणून जुन्या पूलमध्ये ६ किंवा १० चौरस मिलिमीटरची जाड केबल टाकलेली दिसते. त्याच अंतरावर २५ वॉटचा एलईडी दोन-सव्वादोन अँपिअर घेतो आणि गळती एका व्होल्टच्या आत राहते.

खरेदी करताना वॉट नाही, लुमेन (उजेडाचं माप) बघा. व्होल्टेज एसी की डीसी तेही वाचा. आणि जुन्या डब्यात बसेल ना, हे मोजून घ्या. पार ५६ हे माप फार प्रचलित आहे, पण सगळीकडे तेच असतं असं नाही. रंग बदलणारे दिवे घेत असाल तर एका पूलमधले सगळे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. त्यांतले बरेचसे बटण चालू-बंद केल्यावर पुढच्या रंगावर जातात आणि वेगवेगळ्या मॉडेलचा क्रम जुळत नाही. एक निळा आणि एक हिरवा, असा पूल मग कायमचा.

एलईडी बसवला आणि तो लुकलुकतोय. दिवाच खराब निघाला?

ट्रान्सफॉर्मर इलेक्ट्रॉनिक प्रकारचा आहे का बघा. हॅलोजनसाठीच्या अशा ट्रान्सफॉर्मरना किमान ठरावीक भार लागतो. ३०० वॉटच्या जागी २५ वॉट आले की ते धड चालू राहत नाहीत. लोखंडी गाभ्याचा, गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर लावला की लुकलुकणं बहुतेक थांबतं. मात्र भार घटल्यावर त्याचं व्होल्टेज थोडं वर जातं, म्हणून मीटरने मोजा आणि दिव्याच्या पत्रकातल्या मर्यादेशी ताडून बघा.

केबलच्या पाइपमध्ये पाणी दिसतंय. गळती आहे का?

बऱ्याच पूलमध्ये तो पाइप पाण्याच्या पातळीपर्यंत भरलेलाच असतो, त्यात काही बिघडलेलं नाही. जंक्शन बॉक्स उंचावर असतो तो त्यासाठीच. पण पूलचं पाणी रोज उतरत असेल आणि दिव्याच्या पातळीला येऊन थांबत असेल, तर संशय थेट इथे घ्या. पंप बंद करून पाणी स्थिर झाल्यावर डब्यातल्या केबलच्या तोंडाशी रंगाचे दोन थेंब सोडा. रंग आत ओढला गेला तर गळती सापडली. त्या तोंडाला पूलसाठीची पुट्टी किंवा रबरी बूच लावतात.

पोहताना अंगाला झिणझिण्या आल्या. दिव्यामुळे असेल?

असू शकतं, आणि हे उद्यावर टाकायचं नाही. सगळ्यांना बाहेर काढा, धातूची शिडी आणि कठडा न धरता. लगेच मुख्य स्विच बंद करा. कुणी पाण्यात निपचित असेल तर वीज बंद केल्याशिवाय उडी मारू नका. वाचवायला गेलेला माणूसही त्याच प्रवाहात सापडतो. लाकडी किंवा फायबरची काठी, ट्यूब, दोरी पुढे करा आणि मदत बोलवा. नंतर दिवा, पंप, अर्थिंग आणि शिडी-कठड्यासकट सगळ्या धातूंचं एकमेकांशी केलेलं बाँडिंग (तारेने केलेली जोडणी), हे सगळं इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेईपर्यंत पूल बंद.

काचेवर पांढरा थर चढलाय.

क्षार आहे. फिटिंग बाहेर काढाल तेव्हा पांढऱ्या व्हिनेगरात भिजवलेलं कापड अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि मऊ ब्रशने घासा. तारेची घासणी नको. त्याच वेळी मागचा डबाही ब्रशने साफ करा. तिथे पाणी फिरत नाही, क्लोरीन पोचत नाही आणि शेवाळ धरतं.

दिवा कुठल्या भिंतीवर असावा?

नवीन बसवत असाल तरच हा प्रश्न. तुम्ही जिथून पूलकडे बघता त्याच बाजूच्या भिंतीवर, म्हणजे उजेडाचं तोंड तुमच्यापासून लांब जाईल. समोरच्या भिंतीवर लावला की रोज डोळ्यांवर येतो.

दिवा नकोच असेल तर नुसता बंद ठेवून चालेल?

चालेल, पण फुटलेली काच किंवा उघडं फिटिंग पाण्यात ठेवून नाही. काढायचाच असेल तर केबल ट्रान्सफॉर्मरपासून सोडवा, एमसीबीवर तशी नोंद चिकटवा, फिटिंग आणि केबल दोन्ही ओढून बाहेर काढा. पाइपचं तोंड बुजवा आणि डब्यावर त्याच मापाचं झाकण बसवा. पाइप मात्र मोडू नका. पुढे कुणाला दिवा हवासा वाटला तर तो तयार असेल.